मांडीवरचं मूल सुरक्षित नसतं, आणि मागची सीटही

बेळगावहून चोर्ला घाटानं गोव्याला जा, नाहीतर निपाणीमार्गे कोल्हापूरला. राज्य बदलतं, पाट्यांवरची भाषा बदलते. पट्ट्याचा नियम बदलत नाही. तो केंद्राच्या मोटार वाहन कायद्यात आहे. कलम १९४-बी नुसार सीट बेल्ट न लावल्यास १००० रुपये दंड. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्ट्याविना किंवा चाइल्ड सीटविना नेलं तरी तेवढाच. जागेवर भरायची रक्कम राज्यागणिक कमीजास्त असते, एवढंच.

तरी आपल्याकडं लेकरू आईच्या मांडीवर आणि पट्टा पुढच्या दोघांना, तोही पोलीस दिसला की. "मी घट्ट धरलंय की!" हे उत्तर ठरलेलं. हिशेब करून बघा. गाडी ताशी ५० किलोमीटरनं धडकून अर्ध्या मीटरात थांबली, तर १० किलोचं बाळ त्या क्षणी सुमारे २०० किलोच्या ओझ्यासारखं पुढं खेचलं जातं. कुणाचे हात ते धरणार? आई आणि बाळ मिळून एकच पट्टा लावणं तर आणखी वाईट, कारण मध्ये बाळ चिरडतं.

मागं बसलं की काही होत नाही, हा समजही खोटा. ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री गेले. ते मागच्या सीटवर होते, पट्टा नव्हता. भारी गाडी असूनही. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते चाइल्ड सीटमुळं लहान मुलांचे मृत्यू किमान ६० टक्क्यांनी घटू शकतात. हे जितकं पोलिसांचं, तितकंच दवाखान्याचं काम आहे. लसीचं कार्ड देताना बाळाला गाडीतून कसं न्यायचं हेही सांगायला काय हरकत आहे?

तान्ह्या बाळाचं डोकं जड, मान कोवळी. म्हणून त्याची सीट मागं तोंड करून बसवतात, म्हणजे धक्का पूर्ण पाठीवर वाटला जातो. अशी सीट चालू एअरबॅगसमोर कधीच ठेवू नये. उघडणारी बॅग थेट सीटच्या पाठीवर आदळते. थोड्या मोठ्या मुलांना उंची देणारी बूस्टर सीट लागते, नाहीतर पट्टा मानेवर आणि पोटावर येतो. तो खांद्यावरून आणि कमरेच्या हाडावरून जायला हवा. पाहुण्यांकडून जुनी सीट घेताना एकदा विचारा, ती कधी अपघातात सापडली होती का. सापडली असेल तर वरून धड दिसली तरी घेऊ नका.