नव्या बंदुकीची तपासणी : कायदा मौन, जबाबदारी खरेदीदाराची

दुकानातून आणलेली कोरी बंदूक वापरण्यापूर्वी तिची तांत्रिक तपासणी करून घेणे बंधनकारक आहे काय? चँडलरच नव्हे, तर संपूर्ण अ‍ॅरिझोना राज्यात याचे उत्तर ‘नाही’ असे आहे. परवानाधारक दुकानदारामार्फत पडताळणी होते ती खरेदीदाराच्या पार्श्वभूमीची, बंदुकीची नव्हे.

ब्रिटनमध्ये १८६८ च्या कायद्यानुसार जादा दाबाचे काडतूस उडवून बंदुकीची चाचणी घेतली जाते आणि उत्तीर्ण झाल्याचा ठसा उमटल्याशिवाय ती विकता येत नाही. भारतातील शस्त्र नियमांतही अशा चाचणीची तरतूद आहे. अमेरिकेत मात्र खेळण्यांपासून टोस्टरपर्यंतच्या वस्तूंवर देखरेख ठेवणाऱ्या ग्राहक उत्पादन सुरक्षा आयोगाच्या कक्षेतून १९७२ च्या कायद्यानेच बंदुका वगळल्या आहेत. १९२६ मध्ये स्थापन झालेल्या उत्पादकांच्या ‘सामी’ या संस्थेचे निकष आहेत. परंतु ते ऐच्छिक आहेत.

कारखान्यातील चाचणी पुरेशी असतेच असे नाही. २०१४ मध्ये रेमिंग्टन कंपनीने ‘मॉडेल ७००’ व ‘मॉडेल सेव्हन’ या रायफली परत मागवल्या. काही रायफलींच्या चापात जोडणीचे रसायन अधिक राहिल्याने त्या आपोआप उडण्याचा धोका होता.

म्हणूनच कायदा मागत नसला, तरी विवेक तपासणी मागतो. प्रथम बंदूक रिकामी असल्याची खात्री करावी व माहितीपुस्तिका वाचावी. नळीत अडथळा वा साठवणुकीसाठी लावलेले वंगण राहिले असल्यास ते काढावे. नळीवर कोरलेल्या मापाचेच काडतूस वापरावे. अनुक्रमांकावरून ती परत मागवलेल्या मालात नाही ना, हे उत्पादकाकडे पडताळावे. शंका आल्यास जाणकार गनस्मिथला दाखवावी.

पहिली गोळी मात्र अधिकृत नेमबाजी केंद्रावरच झाडावी. ‘शॅनन्स लॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या राज्याच्या कायद्यानुसार, शहराच्या हद्दीत निष्काळजीपणे गोळी झाडणे हा गंभीर गुन्हा आहे. घरामागचे अंगण त्याला अपवाद नाही.

आपल्या वाचकांसाठी आणखी एक बाब महत्त्वाची. एच-१बी सारख्या तात्पुरत्या व्हिसावरील व्यक्तीस, वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद सोडल्यास, बंदूक वा काडतुसे बाळगण्यास संघीय कायद्याने मनाई आहे. ग्रीन कार्डधारकांना ही मनाई लागू नाही. तेव्हा बंदुकीच्या तपासणीआधी स्वतःचा व्हिसा तपासावा, हे उत्तम.