बरबटलेले हात आणि काही गैरसमज

माती, रंग, लोकर, कापूस घेऊन दिव्यांग मुलांच्या शाळेत जावं, त्यांच्यासोबत स्पर्शाची, वासाची, आवाजाची कला करावी, असं अनेकांना वाटतं. हेतू चांगलाच असतो. पण त्यासोबत काही पक्क्या समजुतीही जातात आणि त्यांचा त्रास मुलांना होतो.

गैरसमज : चित्रकला डोळ्यांची. अंध मुलाला त्यात काय मिळणार?
वस्तुस्थिती : शांतिनिकेतनचे चित्रकार विनोदबिहारी मुखर्जी यांची दृष्टी १९५७ च्या सुमारास शस्त्रक्रियेनंतर गेली. त्यानंतरही ते कागद कापून कोलाज करत राहिले. १९७२ मध्ये त्यांनी टाइल्सचं म्यूरलही केलं. वर्गात फेव्हिकॉलची जाड रेघ वाळली की बोटाला लागते. तिच्या आत लोकर लावायची की वाळू, हे मूल ठरवू शकतं. शिवाय अंध म्हणून नोंद असलेल्या बऱ्याच मुलांना थोडंफार दिसतं. त्यांच्यासाठी काळ्या कागदावर पिवळा रंग ठेवून पाहावा.

गैरसमज : हात बरबटवायला सगळ्याच मुलांना आवडतं.
वस्तुस्थिती : काही मुलांना, विशेषतः स्वमग्न मुलांपैकी अनेकांना, ओला-चिकट स्पर्श अक्षरशः सहन होत नाही. अमेरिकन ऑक्युपेशनल थेरपिस्ट जीन एअर्स यांनी गेल्या शतकातच याचा अभ्यास मांडला. हे नखरे नव्हेत. अशा मुलाला ब्रश द्या, चमचा द्या किंवा रंग झिपच्या पिशवीत घालून पिशवीचं तोंड चिकटपट्टीने बंद करा. वरून दाबता येतो. हात पुसायला ओलं फडकं शेजारीच असू द्या. याउलट एखाद्याला जोर लावून मळायची घट्ट शाडूच हवी असते.

गैरसमज : हात धरून करून घेतलं की मुलाला आनंद होतो.
वस्तुस्थिती : मग ती वस्तू तुमची होते. मदत लागलीच तर आपला हात मुलाच्या हाताखाली ठेवा, म्हणजे त्याला हवं तेव्हा स्वतःचा हात काढून घेता येतो. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलासाठी कागद टेबलाला चिकटवा, ब्रशच्या दांडीला फोम गुंडाळून ती जाड करा आणि थांबा. थांबणं हेच सर्वांत अवघड काम. डाउन सिंड्रोम असलेल्या आणि ऐकू न येणाऱ्या ज्युडिथ स्कॉट १९८७ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ओकलंडच्या एका कला केंद्रात आल्या. जवळपास दोन वर्षं त्यांना कशातच रस वाटला नाही. मग धागा हाती आला आणि वस्तूंभोवती सूत गुंडाळत त्यांनी केलेली शिल्पं पुढे संग्रहालयांत पोहोचली.

गैरसमज : घरातलं साहित्य म्हणजे सुरक्षित.
वस्तुस्थिती : कणकेचा गोळा गव्हाची ॲलर्जी असलेल्या मुलाला चालत नाही. स्पायना बिफिडा असलेल्या मुलांत लेटेक्सची ॲलर्जी बरीच आढळते, म्हणून फुगे आणि रबरी हातमोजे टाळावेत. पाण्यात फुगणारे रंगीत मणी गिळले गेले तर आतड्यात अडकू शकतात. जे मूल हाती येईल ते तोंडात घालतं, त्याच्यापुढे साबुदाणा किंवा मणी नकोतच.

गैरसमज : स्वयंसेवक म्हणजे अर्धा थेरपिस्ट.
वस्तुस्थिती : कला-उपचार हे प्रशिक्षित व्यक्तीचं काम आहे. तुम्ही सुधारणेचं आश्वासन देऊ नये, आणि चित्रकार असण्याचीही गरज नाही. गरज नियमितपणाची आहे : ठरलेली वेळ, ठरलेला क्रम, आधी काय आणि मग काय हे सांगणारी चित्रं. दर वेळी नवा चेहरा आला तर मुलांना विश्वास कशावर ठेवायचा ते कळत नाही.

गैरसमज : फोटो टाकला तर संस्थेचंच भलं होतं.
वस्तुस्थिती : पालकांची आणि संस्थेची परवानगी हवीच, मूल सांगू शकत असेल तर त्याचीही. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याने बंदी आहे.

जाण्याआधी विशेष शिक्षकांना तीन गोष्टी विचारा : कोणाला कशाची ॲलर्जी आहे, कोणाला कोणता स्पर्श किंवा आवाज नकोसा होतो आणि कोणतं मूल ‘नको’ कसं सांगतं. कोणी मान फिरवतं, कोणी हात मागे घेतं. ते ‘नको’ ओळखता आलं, तरच त्याच मुलाचं ‘हो’ खरं मानता येईल.