१४९ कवट्या मोजल्या आणि गुरूचाच सिद्धांत खोडून काढला : इरावती कर्वेंची गोष्ट

इरावती कर्वे म्हटलं की बहुतेकांना ‘युगान्त’ आठवतं. महाभारतातल्या माणसांवरचं ते पुस्तक कित्येक मराठी घरांत आहे. पण ते लिहिणाऱ्या बाई मुळात शास्त्रज्ञ होत्या, त्यांचा विषय मानववंशशास्त्र होता आणि करिअरच्या सुरुवातीलाच त्यांनी जर्मनीतल्या एका बड्या प्राध्यापकाचा सिद्धांत खोडून काढला होता, हे फार जणांना ठाऊक नसतं.

इरावतीबाईंचा जन्म १५ डिसेंबर १९०५ चा, तोही ब्रह्मदेशात, म्हणजे आजच्या म्यानमारमध्ये. वडील गणेश हरी करमरकर तिथे कापसाच्या कंपनीत नोकरीला होते. तिथल्या इरावदी नदीवरून मुलीचं नाव ठेवलं इरावती. सातव्या वर्षी तिला शिकायला पुण्याला पाठवलं. हुजूरपागा शाळेत तिची शकुंतला परांजपेंशी मैत्री झाली आणि पुढे ती रँग्लर परांजपेंच्या घरातच वाढली. फर्ग्युसनमधून बी.ए., मग मुंबई विद्यापीठात समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या हाताखाली एम.ए. लग्न झालं दिनकर कर्वे यांच्याशी. ते रसायनशास्त्राचे प्राध्यापक आणि महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे चिरंजीव.

आता पीएच.डी.साठी जर्मनीला जायचं ठरलं. गंमत म्हणजे, स्त्रीशिक्षणासाठी आयुष्य वाहिलेल्या महर्षींना सुनेचं परदेशी जाणं पसंत नव्हतं. नवरा मात्र ठाम होता. १९२८ मध्ये इरावतीबाई बर्लिनला पोहोचल्या.

बर्लिनमध्ये काय झालं?

तिथल्या कैसर विल्हेल्म मानववंशशास्त्र संस्थेचे प्रमुख होते ऑयगेन फिशर. वंशांमध्ये उच्च-नीच असतं, असं मानणारा हा माणूस. पुढे नाझींच्या वंशविचाराला याच संस्थेने शास्त्राचा मुलामा दिला.

इरावतीबाईंना विषय मिळाला कवटीच्या असमानतेचा. माणसाच्या कवटीची डावी आणि उजवी बाजू अगदी सारखी नसते. फिशर यांचा कयास असा, की गोरे युरोपीय जास्त बुद्धिमान, म्हणून त्यांच्या कवटीत ही असमानता वेगळी दिसेल. तपासायला युरोपीय कवट्या होत्या आणि वसाहतींमधून आणलेल्याही.

इरावतीबाईंनी १४९ कवट्या मोजल्या. निष्कर्ष सरळ होता : असमानता सगळीकडे आहे आणि तिचा वंशाशी काही संबंध दिसत नाही.

विशीतली परदेशी विद्यार्थिनी, पदवी गुरूच्या हातात, आणि प्रबंध गुरूच्या विरोधात. त्यांना डॉक्टरेट मिळाली, पण फिशर यांनी गुण देताना हात आखडता घेतला, असं त्यांच्या चरित्रकारांनी नोंदवलंय.

मामाची मुलगी आणि आत्याबाई

भारतात परतल्यावर काही वर्षं त्यांनी एसएनडीटी विद्यापीठात रजिस्ट्रार म्हणून काम केलं. १९३९ पासून पुण्याचं डेक्कन कॉलेज हेच त्यांचं कामाचं ठिकाण झालं. एसटी, बैलगाडी, पायपीट, जे मिळेल त्याने त्या देशभर फिरल्या. लोकांची मापं घेतली, ओव्या-गाणी ऐकली, नात्यांची नावं गोळा केली. यातूनच १९५३ मध्ये भारतातल्या नातेसंबंधांवरचा त्यांचा मोठा इंग्रजी ग्रंथ आला.

नात्यांची नावं गोळा करून काय मिळतं? एक साधं उदाहरण बघा. ग्रामीण महाराष्ट्रात सून सासूला ‘आत्याबाई’ म्हणते. का? कारण अनेक जातींमध्ये मुलाचं लग्न मामाच्या मुलीशी करायची रीत आहे. म्हणजे मुलीच्या बाजूने पाहिलं तर ती आत्याच्या घरी सून म्हणून जाते. उत्तरेत बऱ्याच ठिकाणी हे चालतच नाही. तिथे मुलगी अनोळखी घरात दिली जाते, त्यामुळे माहेर आणि सासर ही दोन वेगळी जगं होतात. दक्षिणेत नात्यातच लग्न होतं आणि सून परकी राहत नाही. महाराष्ट्र या दोन्हींच्या मधोमध. बाईचं आयुष्य सुसह्य की अवघड, याचं एक कारण या लग्नाच्या नियमांत दडलेलं असतं, हे इरावतीबाईंनी प्रदेशवार मांडून दाखवलं.

दुसऱ्या गुरूशीही मतभेद

जातींबद्दल तेव्हाचा सर्वसाधारण समज असा, की आधी एक मोठा गट होता आणि फुटत फुटत त्याच्या पोटजाती झाल्या. घुर्येंचाही कल तिकडेच होता. इरावतीबाईंना फिरताना वेगळंच दिसलं. महाराष्ट्रात कुंभारांचेच अनेक गट. एकाचं चाक मोठं, दुसऱ्याचं लहान, आणि आपसात रोटी-बेटी नाही. मग हे एकातून फुटले कसे म्हणायचे? त्यांचं म्हणणं, हे गट मुळातच वेगळे होते, धंदा सारखा म्हणून एका नावाखाली आले. ‘हिंदू समाज’ या विषयावरच्या १९६१ च्या पुस्तकात त्यांनी हे सविस्तर लिहिलं.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी. शरीराची मापं घेऊन समाज समजतो, यावर त्यांचा बराच काळ विश्वास होता. पुढच्या अभ्यासकांनी त्यांच्या कामाच्या या भागावर टीका केली आणि आज ही पद्धत मागे पडली आहे.

वारीत वेगळ्या पंगती

इरावतीबाई पंढरीच्या वारीत चालल्या आणि त्यावर लेख लिहिला. जिथले लोक पंढरपूरला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या आजही सांगितली जाते. पण त्याच लेखातलं दुसरं निरीक्षण कमी सांगितलं जातं. दिंडीत सगळे एकत्र चालत, एकत्र अभंग म्हणत, पण जेवायला ब्राह्मण वेगळे आणि मराठा वेगळे. इरावतीबाई चित्पावन घरातल्या. हे त्यांना खुपलं. त्या मराठा बायकांच्यात जाऊन जेवल्या आणि त्यानंतर त्या बायका जास्त मोकळेपणाने बोलू लागल्या, हेही त्यांनी लिहून ठेवलं.

‘युगान्त’ वेगळं का ठरलं?

हीच नजर त्यांनी महाभारताकडे वळवली. १९६७ साली ‘युगान्त’ आलं आणि त्याला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. यातले कृष्ण, कुंती, गांधारी, द्रौपदी देव-देवी नाहीत, चुकणारी माणसं आहेत. खांडववन जाळण्याच्या प्रसंगाकडे अनेकांनी पराक्रम म्हणून पाहिलं. इरावतीबाईंनी विचारलं, त्या जंगलात राहणाऱ्यांचं काय झालं?

हा प्रश्न पुस्तकापुरता नव्हता. साताऱ्यात कोयना धरण झालं, गावं उठली. त्या विस्थापितांचं सर्वेक्षण इरावतीबाईंनी आपली मुलगी, लेखिका जाई निंबकर यांच्यासोबत केलं आणि ते १९६९ मध्ये प्रसिद्ध झालं. विस्थापन हा चळवळीचा मोठा विषय होण्याच्या कितीतरी आधीची ही गोष्ट.

पुढच्याच वर्षी, ११ ऑगस्ट १९७० ला, पुण्यात त्यांचं निधन झालं.

पुण्यात स्कूटर चालवणारी पहिली बाई, अशी त्यांची एक ओळख सांगितली जाते. ओळख मजेशीर आहे, पण अपुरी आहे. गुरूचा सिद्धांत असो, जातीची रीत असो की पूज्य ग्रंथ, ‘सगळे असंच म्हणतात’ एवढ्यावर त्या थांबल्या नाहीत. स्वतः जाऊन बघितलं, मोजलं, विचारलं आणि जे दिसलं ते लिहिलं. फॉरवर्ड आलेला इतिहास न तपासता पुढे ढकलण्याच्या काळात इरावतीबाईंकडून घेण्यासारखं हेच आहे. सुरुवात करायची असेल तर ‘युगान्त’ आणि ‘परिपूर्ती’ ही दोन पुस्तकं पुरेशी आहेत.