वाळूचा हिशेब गावालाही दिसावा

जळगावची गिरणा आणि धुळ्याची पांझरा, दोन्ही तापीला मिळतात. त्यांच्या पात्रातली वाळू पाणी धरून ठेवते. ती बेसुमार उपसली की काठच्या विहिरी लवकर तळ गाठतात. म्हणूनच २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच हेक्टरांहून लहान वाळूघाटांनाही पर्यावरण मंजुरी सक्तीची केली. २०२० च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनी ऑनलाइन परवाने, वाहनांना जीपीएस आणि पात्राची मोजणी यांवर भर दिला. राज्यात ‘महाखनिज’ प्रणालीवर वाहतूक पास निघतो. गाडी कोणती, माल किती ब्रास, जाणार कुठे, हे त्यावरून तपासता येते. एक ब्रास म्हणजे १०० घनफूट.

मात्र पास गाडीचा हिशेब ठेवतो, नदीचा नाही. रात्री विनापास निघालेला ट्रॅक्टर प्रणालीत उमटतच नाही. त्यामुळे घाटाची मंजूर मर्यादा, आजवरचा उपसा आणि पावसाळ्याआधी-नंतरची मोजणी गावाला मराठीत, मोबाइलवर दिसली पाहिजे. खेड्यात रेंज नसते, हा आक्षेप रास्त आहे. तेच आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लावता येतील. तक्रारदाराला धोका असतो, हेही खरे. म्हणून तक्रारीत नाव गुप्त राहण्याची सोय हवी. आकडे उघड करून चोरी थांबेलच असे नाही, पण मंजूर आणि प्रत्यक्ष उपशातली तफावत झाकता येणार नाही. तोवर ग्रामसभेत आपल्या घाटाचे आकडे मागा. तो तुमचा हक्क आहे.