फॉर्मॅट मारण्याआधी फॉन्ट काढा

भोर-वेल्ह्यात जुने कॉम्प्युटर पुन्हा उभे करण्याचा नाद मला अनेक वर्षांपासून आहे. शाळेतले, झेरॉक्सच्या दुकानातले, पुण्यातल्या मुलाने नवा घेतल्यावर गावी पाठवलेले. बहुतेकांत रिकव्हरी पार्टिशन नसतं. कंपनी डिस्कच्या एका भागात मूळ विंडोज लपवून देते, पण कुणीतरी कधीतरी अख्खी डिस्क कोरी करतो किंवा हार्ड डिस्क जाऊन एसएसडी येते. असेंबल्ड यंत्रात तर ते पहिल्यापासूनच नसतं.

त्यावाचून अडत नाही. मायक्रोसॉफ्टच्या साइटवरून विंडोज 10 उतरवून 8 जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करता येतो. डेल-लेनोवोवर एफ-12, एचपीवर एफ-9 दाबलं की बूट मेनू येतो. त्या यंत्रावर विंडोज 10 आधी रीतसर चालू झालेलं असेल, तर मदरबोर्डची ओळख मायक्रोसॉफ्टकडे नोंदलेली असते. इन्स्टॉल करताना ‘प्रॉडक्ट की नाही’ असं सांगावं, मात्र आधी होम आवृत्ती असेल तर होमच टाकावी. विंडोज 10चा नेहमीचा आधार 14 ऑक्टोबर 2025 रोजी संपला आणि विंडोज 11ला टीपीएम 2.0 ही सुरक्षेची सोय लागते, म्हणून जुन्या यंत्रावर मी लिनक्सच टाकतो. डेबियन या लिनक्सचा इन्स्टॉलर मराठीत आहे. प्रोसेसर 32 बिटचा असेल तर डेबियन 12 घ्यावं, 13मध्ये त्यासाठी इन्स्टॉलर नाही.

तोरण्यापलीकडच्या खोऱ्यात रेंज येते-जाते, त्यामुळे काही जीबींची फाइल पुण्यातच उतरवून न्यावी. वायफायचा ड्रायव्हरही सोबत हवा, नाहीतर नेट नाही म्हणून ड्रायव्हर नाही आणि ड्रायव्हर नाही म्हणून नेट नाही. पावसाळ्यात वीज जाते, तेव्हा यूपीएसशिवाय कामाला हात घालू नये. मदरबोर्डवरचा सीआर 2032 सेल मेलेला असला की तारीख मागे जाते आणि सुरक्षित साइट उघडत नाहीत. हा सेल स्वस्त असतो, आधीच बदलावा.

पण माझा जीव अडकतो तो फॉन्टमध्ये. विंडोज कुठूनही परत मिळतं. गावाच्या मराठी कागदांचं तसं नसतं. वेल्ह्याकडच्या एका गावात सप्ताहाच्या वर्गणीच्या याद्या कॉम्प्युटरवर होत्या. कुणीतरी फॉर्मॅट मारला, याद्या जपल्या, फॉन्ट मात्र गेला. उघडल्यावर पानभर रोमन अक्षरांची आणि चिन्हांची गिचमीड. माणसांना वाटलं, फाइली सडल्या.

त्या सडलेल्या नव्हत्या. श्रीलिपी किंवा सीडॅकच्या आयएसएम या मराठी टंकनाच्या सॉफ्टवेअरच्या जुन्या फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागांवर देवनागरीचे तुकडे बसवलेले असत: अर्धा म, काना, रफार, वेलांटी. फाइलीत साठतो तो रोमन अक्षराचा क्रमांक. त्याला मराठी रूप देतो तो फॉन्ट. युनिकोडमध्ये 1991पासून देवनागरीला स्वतःचे क्रमांक मिळाले. विंडोज 2000मध्ये ‘मंगल’ फॉन्ट आला. तो घडवणारे र. कृ. जोशी हे आपले मराठी सुलेखनकार. त्यांचं अक्षर आपण वर्षानुवर्षं पाहत आलो आणि नाव फार थोड्यांना ठाऊक आहे, याचं मला वाईट वाटतं. तरी एक्सपीमध्येसुद्धा मराठी नीट दिसायला वेगळी खूण करून मूळ सीडी घालावी लागे. त्यामुळे कित्येक डीटीपीवाले श्रीलिपीवरच राहिले, आणि मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही.

म्हणून सी ड्राइव्हच्या विंडोज फोल्डरमधलं ‘फॉन्ट्स’ हे अख्खं फोल्डर आधी उचलावं. यंत्र सुरूच होत नसेल तर पेनड्राइव्हवरून लाइव्ह लिनक्स चालवावं. डिस्क धड असली तर त्यातून सगळं दिसतं. जुन्या श्रीलिपीचं परवान्याचं यूएसबी लॉक कप्प्यात पडलेलं असेल तर तेही सांभाळावं. सप्ताहवाल्यांचा फॉन्ट शेवटी भोरच्या एका टायपिंगवाल्याकडे मिळाला आणि याद्या जशाच्या तशा उघडल्या.

नंतर त्या याद्या आम्ही युनिकोडमध्ये बदलल्या. जुन्या फॉन्टमध्ये ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाआधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये ती व्यंजनानंतर साठते. रफाराचं नेमकं उलट. कन्व्हर्टर इथेच चुकतो, म्हणून ‘शिर्के’, ‘मोहिते’, ‘कोर्के’ अशी आडनावं एकेक करून तपासावी लागली. मूळ फाइली आणि तो फॉन्ट एकाच फोल्डरात ठेवून त्याच्या दोन प्रती केल्या, एक मंडळाकडे आणि एक शाळेत. मग त्या यंत्रावर डेबियन टाकलं.