आधी ऐकणं, मग दाद

मुशायऱ्यात दाद मिळते ती शेर ऐकल्यावर. ब्रिटनच्या बीटल्सना मात्र गाणं ऐकू येण्याआधीच दाद मिळायची. १५ ऑगस्ट १९६५ रोजी न्यूयॉर्कच्या शे स्टेडियमवर सुमारे ५५ हजार चाहते जमले. त्यांच्या किंकाळ्यांपुढे ध्वनिक्षेपक थिटे पडले. गाणाऱ्यांना स्वतःचा आवाज ऐकवणारे स्पीकर तेव्हा मंचावर फारसे नसत. आपण काय वाजवतोय, हे त्या चौघांनाच ऐकू येईना! अखेर २९ ऑगस्ट १९६६ला सॅन फ्रान्सिस्कोत तिकीट लावून शेवटची मैफल करून त्यांनी दौरे थांबवले. मग स्टुडिओच्या शांततेत १९६७चा ‘सार्जंट पेपर्स’ अल्बम घडला. चाहत्यांचं प्रेम खोटं नव्हतं. पण कवी म्हणून मला वाटतं, ऐकून घेणं हीच पहिली दाद.