दगडांतील पंखांचे व्याकरण

पावसाळा सरत आला म्हणजे रात्री दिव्याभोवती जमणाऱ्या किड्यांत फिकट हिरव्या अंगाचा, सोनेरी डोळ्यांचा आणि जाळीदार पंखांचा एक नाजूक कीटक पुष्कळदा दृष्टीस पडतो. घरातील मंडळी त्यास झटकून टाकतात. आपल्या विदर्भातील कापूस पिकविणारा शेतकरी मात्र त्यास ‘क्रायसोपा’ या नावाने ओळखतो व मित्रकीटकांत गणतो. कारण त्याची अळी पिकावरील मावा फस्त करते. कोरड्या मातीत नरसाळ्यासारखे खड्डे करून तळाशी मुंग्यांची वाट पाहत बसणारी अळी आपण सर्वांनी लहानपणी काडीने डिवचलेली आहे. तिचा प्रौढ कीटकही याच गणातला. या गणास आपण ‘जालपंखी’ म्हणू. हा गण फार पुरातन आहे. पंचवीस कोटी वर्षांहूनही जुन्या खडकांत त्याचे पंख सापडले आहेत.

येथे एक प्रश्न सहज उद्भवतो. एवढ्या काळात शरीर नाहीसे झाले, रंग उडाला, आणि दगडावर नखाएवढ्या पंखाचा ठसा तेवढा राहिला. तर तो अमुक कुलातील कीटकाचा असे विद्वानांनी कशावरून ठरवावे? हा केवळ तर्काचा खेळ आहे काय?

या प्रश्नाचा आमच्या नागपूरशी फार जुना संबंध आहे. रेव्हरंड स्टीफन हिस्लॉप हे मिशनरी १८४५ मध्ये नागपुरास आले. धर्मप्रचार व शिक्षण यांबरोबरच त्यांना दगड तपासण्याचा छंद होता. त्यांनी व त्यांचे सहकारी रॉबर्ट हंटर यांनी नागपूर परिसरातील खडक व जीवाश्म यांविषयी १८५५ मध्ये लंडनच्या भूगर्भशास्त्र-मंडळाच्या त्रैमासिकात निबंध प्रसिद्ध केला. दख्खनच्या पठारावर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्ह्याचे थर एकावर एक पसरले. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचत, वनस्पती वाढत, गोगलगायी व कीटक नांदत. पुढे नवा लाव्हा येऊन त्या गाळास झाकून टाकी. शहराच्या वायव्येस टाकळी येथे असाच एक थर आहे. आमच्या नंदनवनापासून टाकळी म्हणजे शहराचे दुसरे टोक. तथापि अंतर काही कोसांपलीकडे नाही.

टाकळीच्या थरात हिस्लॉप यांना फळे, बिया व शिंपले यांबरोबर कीटकांचेही अवशेष मिळाले. त्यांचे वर्णन अँड्र्यू मरे या स्कॉटिश निसर्गशास्त्रज्ञाने १८६० मध्ये केले, आणि दोन कीटकांस ‘लोमॅटस हिस्लोपी’ व ‘मेरिस्टॉस हंटेरी’ अशी नावे देऊन दोघा संशोधकांचे स्मरण राखले. हे भुंगेऱ्यांचे अवशेष होत. भुंगेऱ्याचे पुढचे पंख टणक होऊन त्यांचे कवच बनलेले असते, आणि दगडात राहिले ते हे कवचच. त्यावर शिरांचे जाळे स्पष्ट नसते. आकार, उभ्या रेघा आणि बारीक खळगे एवढ्यावरूनच निर्णय करावा लागतो. निरनिराळ्या कुलांतील भुंगेऱ्यांची कवचे दिसावयास सारखी असू शकतात. म्हणून असा निर्णय कितीही सावधपणे केला तरी त्यास मर्यादा राहते. याच्या अगदी उलट स्थिती जालपंखी कीटकाची. त्याचा पंख म्हणजे लिहिलेले पानच होय.

हे पान वाचण्याची वर्णमाला १८९८-९९ मध्ये कॉमस्टॉक व नीडहॅम या अमेरिकन प्राध्यापकांनी व्यवस्थित मांडली. त्यापूर्वी प्रत्येक गणाचे अभ्यासक शिरांस आपापली नावे देत; त्यामुळे एकाचे लिखाण दुसऱ्यास लागत नसे. या दोघांनी, पंख घडत असताना त्यात शिरणाऱ्या श्वासनलिकांचा मार्ग तपासला आणि सर्व कीटकांच्या पंखांस एकच मूळ आराखडा आहे असे प्रतिपादन केले. पुढच्या कडेने जाणारी ती कॉस्टा, म्हणजे लॅटिनमध्ये बरगडी. तिच्या मागची सबकॉस्टा. मग रेडियस, म्हणजे चाकाचा आरा. मग मीडिया, म्हणजे मधली. नंतर क्युबिटस, म्हणजे कोपर. आणि शेवटी बुडाजवळच्या लहान शिरा. श्वासनलिका सर्वत्र विश्वसनीय नाहीत असे पुढे आढळले व आराखड्यात दुरुस्त्या झाल्या. परंतु नावांची ही चौकट आजही मूळ धरून आहे.

ज्यांनी संस्कृत व्याकरण घोकले आहे त्यांस ही रीत परकी वाटणार नाही. मूळ शिरा हे धातू समजावे. त्यांना फुटणाऱ्या शाखा हे प्रत्यय. प्रथम सामान्य नियम, मग अपवाद. जालपंखी गणाचा सामान्य नियम असा की, कॉस्टा व सबकॉस्टा यांच्यामध्ये आडव्या शिरांची शिडी असते, रेडियसच्या मागच्या फांटीपासून कंगव्याच्या दात्यांप्रमाणे अनेक शाखा निघतात, आणि पंखाच्या कडेशी पोचताना शिरा पुन्हा दुभंगतात.

त्यानंतर कुलांचे भेद पाहावे. तपकिरी जालपंखी कीटकात रेडियसपासून एकाऐवजी दोन किंवा अधिक शाखा स्वतंत्रपणे निघालेल्या दिसतात. मुंग्या धरणाऱ्या अळीच्या प्रौढात सबकॉस्टा व रेडियस टोकाच्या अलीकडे एक होतात, आणि तेथेच मागे एक लांबट घर असते. हिरव्या ‘क्रायसोपा’त तर खरा संधीच आहे. त्याच्या पंखाच्या मधून दोन ठळक रेषा गेलेल्या दिसतात. परंतु त्या मूळ शिरा नव्हेत. निरनिराळ्या शिरांचे तुकडे वाकून, एकमेकांस जुळून त्या बनलेल्या आहेत. नवशिक्या त्यांस मीडिया व क्युबिटस समजतो व फसतो. ज्याप्रमाणे संधीचा विग्रह केल्यावाचून पदाचा अर्थ लागत नाही, त्याचप्रमाणे कोणता तुकडा कोणत्या शिरेचा हे सोडविल्यावाचून हा पंख कळत नाही.

दगडाची आणखी एक अडचण आहे. पंख सपाट नसतो. कॉस्टा उंचवट्यावर, सबकॉस्टा खोलगटीत, पुन्हा रेडियस उंचवट्यावर, अशी त्यास घडी असते. या चढउतारावरून तुटक्या ठशातही शीर ओळखता येते. परंतु दगड फोडला की ठशाचे दोन भाग होतात, आणि एकातील उंचवटा तो दुसऱ्यातील खळगा होतो. हातात कोणता भाग आहे याचे भान नसेल तर सारे उलटे वाचले जाईल. म्हणून दोन्ही अर्धुके जपून ठेवावी लागतात, आणि प्रकाश तिरपा टाकून ती भिंगाखाली पाहावी लागतात.

केवळ रूपावर विसंबल्यास काय होते, याचे एक उदाहरण प्रसिद्ध आहे. इंग्लंडातील एका पुरातन पंखास १८७३ मध्ये बटलर या विद्वानाने फुलपाखरू म्हणून ‘पॅलिओंटिना’ हे नाव दिले. पुढे शिरांची छाननी झाल्यावर तो सिकाड्याच्या आप्तवर्गातला कीटक ठरला. याच्या जोडीस जर्मनीतील झोल्नहोफेनच्या चुनखडीतील, वाल्टर यांनी १९०४ मध्ये वर्णिलेला ‘कॅलिग्रामा’ पाहावा. रुंद पंख, त्यांवर डोळ्यासारखे ठिपके, असा त्याचा थाट थेट फुलपाखराचा. परंतु शिरा त्यास जालपंखी ठरवितात. ज्या काळी तो उडत होता त्या काळी आजच्यासारखी फुलपाखरे अद्याप झालेलीच नव्हती. रूप फसवते, शिरा सहसा फसवीत नाहीत.

आपल्या देशातही या विद्येस नवे साहित्य मिळू लागले आहे. सुरत जिल्ह्यातील वस्तान येथील लिग्नाइटच्या खाणीत राळेचे अश्म झालेले गोळे मिळाले. त्यांत पाच कोटी वर्षांपूर्वीचे कीटक जसेच्या तसे अडकलेले आहेत. त्यांपैकी एका अतिसूक्ष्म जालपंखी कुलातील कीटकांचे वर्णन २०१३ मध्ये अमेरिकन संशोधकांनी, लखनौच्या बिरबल साहनी संस्थेतील संशोधकासह, प्रसिद्ध केले. या कुलात शिरा फारच थोड्या व कडेच्या दुभंगांवाचून. म्हणजे हे गणाच्या सामान्य नियमास अपवादच. तरीही ते याच गणात बसते, कारण जाणत्या अभ्यासकास नियम व अपवाद दोन्ही ठाऊक असतात.

सप्टेंबर १८६३ मध्ये टाकळघाटची पुरातन शिलावर्तुळे पाहून परतताना बोरीजवळ पुराच्या पाण्यात हिस्लॉप वाहून गेले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय नागपुरात आहे. त्यातून शिकलेल्यांच्या कित्येक पिढ्या झाल्या. टाकळी मात्र आता गावाबाहेर राहिलेली नाही. जेथे त्यांचा हातोडा चालला तेथे घरे व रस्ते आले आहेत. ज्या थरावर इमारत उभी राहिली तो पुन्हा कोण फोडून पाहणार? म्हणून पायासाठी खणताना किंवा विहीर काढताना काळ्या पाषाणाच्या मधून पांढरट, पापुद्रे सुटणारा दगड निघाला, तर तो भरावात टाकण्यापूर्वी एकदा न्याहाळावा. त्यावर पान, शिंपला किंवा पंख दिसल्यास खरवडू नये, पाण्याने घासू नये; दोन्ही अर्धुके वेगवेगळ्या कागदांत गुंडाळून स्थळ, खोली व तारीख लिहून ठेवावी, आणि सेमिनरी हिल्स येथील भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या कार्यालयात अथवा एखाद्या महाविद्यालयाच्या भूगर्भशास्त्र विभागात दाखवावी. स्थळ न नोंदलेला जीवाश्म हा संदर्भ हरवलेल्या श्लोकासारखा असतो.

आमच्या मुलांस वर्गात शिरांची नावे कोणी शिकवील वा न शिकवील. परंतु दिव्याखाली मरून पडलेल्या क्रायसोपाचा एक पंख पांढऱ्या कागदावर ठेवून भिंगातून पाहण्यास काहीच खर्च येत नाही. तो पंख ज्यास वाचता येईल, त्यास पुढे दगडातला पंखही वाचता येईल. मरे यांच्या हाती नागपूरची केवळ कवचे आली. शिरांचा पंख आमच्या एखाद्या विद्यार्थ्याच्या हाती यावा, आणि तो ओळखण्याची तयारी त्याच्या ठायी असावी.